क्यूजीआयएसवर डेंग्यूचा नकाशा: दोन सीझन वापरून लिहिलेला रिव्ह्यू, मुक्काम मानेवाडा

क्यूजीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. आधीच सांगून टाकते, मी कॉम्प्युटरवाली नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून वीसेक वर्षं लोकांचं रक्त काढून राहिली आहे, नागपुरात मानेवाड्याकडे आमची छोटीशी लॅब आहे, एक खोली, एक सेंट्रीफ्यूज, एक फ्रिज आणि घरोघरी जाऊन सॅम्पल आणणारा एक पोरगा. त्यामुळे कोणी खरा जीआयएसवाला हे वाचत असेल तर हसू नये, हसला तरी चालेल म्हणा. पण माझ्यासारखे जे लोक आहेत, ज्यांच्याकडे एक रजिस्टर आहे आणि डोक्यात एक शंका आहे की बाप्पा, ही केस पण त्याच बाजूची कशी काय, त्यांच्यासाठी हे लिहिते.

शंका अशी होती. पोळा-गणपती झाले की आमच्याकडे एनएस वनच्या, म्हणजे डेंग्यूच्या टेस्टच्या, किट भराभर संपतात, हे दरवर्षीचंच आहे. पण दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात रजिस्टर चाळताना दिसलं की लाल पेनाने टिक केलेल्या पॉझिटिव्हच्या बाजूला तेच तेच लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या, येऊन राहिले. एक्सेलमध्ये टाकलं, फिल्टर लावला, तर 'मानेवाडा' नावाचा एक मोठा आकडा आला आणि बाकी सगळं किरकोळ. आता मानेवाडा म्हणजे काय एक गल्ली आहे का? रिंगरोडच्या अलीकडे मानेवाडा, पलीकडे मानेवाडा, आणि बेसाकडचे लोकही पत्ता सांगताना मानेवाडाच सांगतात कारण ऑटोवाल्याला तेच कळतं. बहिणीचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, तो दिवाळीत आला होता, त्याने ते एक्सेल पाहिलं आणि म्हणे, "मावशी, तू चुकीच्या दुकानात आली आहेस, हे एक्सेलचं काम नाही, नकाशाचं आहे." आणि जेवण व्हायच्या आत माझ्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाकून दिलं. फराळाचा डबा नेला तेवढीच त्याची फी.

सॉफ्टवेअर पूर्णपणे फुकट आहे, ट्रायल नाही, तीस दिवसांनी पैसे मागत नाही, 'प्रो' घ्या म्हणून मागे लागत नाही. गॅरी शर्मन नावाच्या माणसाने २००२ मध्ये सुरू केलं, तेव्हा क्वांटम जीआयएस म्हणायचे, २०१३ मध्ये २.० व्हर्जन आलं तेव्हापासून नुसतं क्यूजीआयएस. ओपन सोर्स आहे, जगभरचे लोक त्यात भर घालत असतात. व्हर्जनांना गावांची नावं देतात हे मला फार आवडलं, ३.३४ चं नाव प्रिझरेन, ३.४० चं ब्रातिस्लावा. नागपूरचा नंबर लागेल तेव्हा मी तर्री पोहे वाटीन. डाउनलोड करताना दोन पर्याय दिसतात, एकदम नवं आणि लाँग टर्मवालं, आपल्यासारख्यांनी डोळे मिटून लाँग टर्मवालंच घ्यायचं. फाइल एक जीबीच्या वर आहे, मोबाइलच्या डेटावर करत असाल तर रात्री लावून झोपा. माझ्या जुन्या लॅपटॉपला चारच जीबी रॅम होती, चालायचं पण म्हाताऱ्या माणसासारखं, मग आठ करून घेतली आणि सुरळीत झालं.

पहिल्यांदा उघडल्यावर थोडा विरस होतो. आपल्याला वाटते गूगल मॅपसारखं उघडलं की नागपूर दिसेल, तर समोर पांढरा कागद. वर शंभर बारीक बारीक बटणं. डाव्या बाजूला ब्राउझर नावाची पट्टी आहे, त्यात एक्सवायझेड टाइल्सच्या खाली ओपनस्ट्रीटमॅप आहे, त्यावर डबल क्लिक केलं की जग उमटते, मग झूम करत करत नाग नदी शोधायची, अंबाझरीचा निळा ठिपका शोधायचा आणि तिथून खाली दक्षिणेला आपल्या घराकडे यायचं. हे एवढं मला कोणी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर माझा अर्धा रविवार वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगून टाकलं.

आता खरी गोष्ट, पत्ते.

नकाशावर ठिपका टाकायला अक्षांश-रेखांश लागतात आणि आमच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असते, 'प्लॉट नं. ४७, पाण्याच्या टाकीमागे, किराणा दुकानाच्या वर'. नागपूरच्या लेआउटची गंमत ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, प्लॉट नंबर ४७ प्रत्येक लेआउटमध्ये असतो आणि ४७ च्या शेजारी ४८ असेलच असं काही नाही, ४८ मागच्या गल्लीत, ४९ तर कोणी पाहिलेलाच नाही. पाण्याच्या टाक्या तीन. हनुमान मंदिरं मोजायला बसलात तर संध्याकाळ होते. पत्त्यावरून आपोआप ठिपका टाकून देणारे प्लगइन आहेत, त्याला जिओकोडिंग म्हणतात, मी भाच्याच्या नादाने वापरून पाहिलं तर निम्मे पेशंट मानेवाडा चौकाच्या अगदी मधोमध, सिग्नलखाली जाऊन बसले, कारण बाकीचं काही समजलं नाही की ते बिचारं जेवढं समजलं तेवढ्यावर ठिपका टाकून मोकळं होते. आणि नकाशावर ते इतकं खरं दिसते ना! चौकात भलीमोठी डेंग्यूची गर्दी. ज्याला पत्ते माहीत नाहीत तो उद्या चौकात फॉगिंगची गाडी घेऊन येईल.

ह्याच्यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, आमच्या कलेक्शनवाल्या पोराजवळ होता. मी पत्त्यांची यादी घेऊन डोकं धरून बसली होती तर तो म्हणे, "मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या, मले सगळे घरं माहीत हायेत, हे वालं तर निळ्या गेटचं हाये, ते कुत्रं हाये ना तिथं." मग त्याच्या मोबाइलवर क्यूफील्ड टाकलं. हे क्यूजीआयएसचं मोबाइलवरचं भावंड समजा, वेगळ्या लोकांनी बनवलंय पण प्रोजेक्ट तोच चालतो, अँड्रॉइडवर फुकट आहे. लॅपटॉपवर फॉर्म बनवून द्यायचा, सॅम्पल नंबर, तारीख, कूलर आहे की नाही, बस, आणि तो घरासमोर उभा राहून ठिपका टाकतो.

एक दिवस मी त्याच्यासोबत गेली. दारासमोर टिनाचं शेड, बाजूला कडुलिंब, स्क्रीनवर अचूकता २२ मीटर दाखवत होती. २२ मीटर म्हणजे आमच्या लेआउटमध्ये समोरच्याचं घर, मागच्याचं घर, काहीही. तो म्हणे थांबा, आणि चार पावलं रस्त्याच्या मधे सरकला, मोबाइल आभाळाकडे धरला, १४, ९, ६, ५ झाले, मग दाबलं. त्या घरची आजी गेटमधून विचारून राहिली, "काय फोटो काढता का गा?" तिला सांगितलं की आजी, मच्छर कुठे जास्त आहे ते लिहून राहिलो, तर म्हणे मग आत या ना, न्हाणीत या. क्यूफील्डला माझ्याकडून पाच पैकी पाच, नेट नसताना चालते, आणि दहावी झालेल्या पोराला अर्ध्या तासात जमलं.

इकडे माझ्या हातून जे जे चुकलं ते पण सांगते, कारण युट्यूबवर सगळे फक्त जमलेलं दाखवतात.

पहिली चूक, उलटे आकडे. एक्सेलची यादी सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाइल, करून आणली, त्यात एक्स कुठला आणि वाय कुठला विचारते. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो, अक्षांश आधी, म्हणून मी एक्समध्ये अक्षांश दिला. नागपूर आहे २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. उलटं केलं की ७९ उत्तर, २१ पूर्व. ठिपके कुठेच दिसेनात, शेवटी लेयरवर, म्हणजे त्या ठिपक्यांच्या थरावर, राइट क्लिक करून झूम टू लेयर केलं तर माझे सगळे पेशंट नॉर्वेच्याही वर, स्वालबार्डजवळ, पांढऱ्या अस्वलांच्या मुलखात पसरलेले. बाहेर मे महिना, कूलर फुल स्पीडवर, आणि आमचा डेंग्यू बर्फात. ध्यानात ठेवा, एक्स म्हणजे रेखांश, म्हणजे आपला ७९.

दुसरी चूक, वर्तुळाची. डेंग्यूचा एडिस मच्छर लांब उडत नाही, साधारण काहीशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जाते, म्हणून प्रत्येक केसभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढून पाहायचं ठरवलं. बफर नावाचं टूल आहे, ४०० टाकलं, रन केलं, आख्खा नकाशा एका रंगाने भरून गेला. कारण माझा लेयर डिग्रीत होता आणि मी ४०० डिग्रीचा बफर मागितला होता, पृथ्वीच ३६० ची आहे! मग कळलं की आधी लेयर मीटरवाल्या पद्धतीत बदलावा लागतो. इथे आपल्या विदर्भाची खास पाचर आहे, नीट वाचा. मराठीत-हिंदीत जे व्हिडिओ दिसतात त्यात पुण्या-मुंबईकडचे लोक यूटीएम झोन ४३ घ्यायला सांगतात, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत, एकेक पट्टा म्हणजे झोन. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्यासाठी. झोन ७८ रेखांशावर बदलतो, म्हणजे अमरावती ४३ मध्ये आणि वर्धा, नागपूर ४४ मध्ये. आपल्याला ३२६४४ घ्यायचं. ४३ घेतलं तर फार मोठं आभाळ कोसळत नाही पण अंतरं थोडी थोडी चुकतात. आणि हे ज्या शहरात झीरो माइलचा खांब उभा आहे, राज्याचं रिमोट सेन्सिंगचं, म्हणजे सॅटेलाइटच्या चित्रांचं, केंद्र व्हीएनआयटी इंजिनीअरिंग कॉलेजच्या आवारात आहे, त्या शहरात मला चाळिशीनंतर कळलं, असो.

तिसरी तर निव्वळ गाढवपणा. काही टूल्स जो निकाल देतात तो टेम्पररी लेयर असतो, नावापुढे बारीक चिपसारखं चिन्ह असते. बंद करताना ते विचारते की हे जाईल, चालेल का? मी नेहमीच्या सवयीने हो म्हटलं. दोन रात्रींचं काम. ह्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, त्याने विचारलं होतं.

शेपफाइल नावाच्या नकाशाच्या फाइलबद्दल दोन शब्द, कारण जिल्हा-तालुक्याच्या सीमा बहुतेक ह्याच फॉरमॅटमध्ये मिळतात. ती एक फाइल नसते, चार-पाच फाइलींचं बिऱ्हाड असते, डॉट एसएचपी एकटी कोणाला व्हॉट्सअॅप केली तर समोरच्याकडे काही उघडत नाही. कॉलमचं नाव दहा अक्षरांत कापलं जाते. मराठी नावं असली आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ नसलं तर 'कामठी', 'कळमेश्वर', 'भिवापूर' सगळ्यांचे प्रश्नचिन्हं होतात, १४ तालुके आणि चौदाही ओळी सारख्याच. आपलं काम जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा, एकच फाइल, मराठी एकदम नीट. नकाशावर मराठी लेबलं मात्र मस्त येतात, जोडाक्षरं तुटत नाहीत.

आता हीटमॅप, म्हणजे ठिपके जिथे दाट तिथे रंग गडद. सगळे ह्याच्यासाठीच येतात, मी पण आली होती. ठिपक्यांवर राइट क्लिक, सिंबॉलॉजी, हीटमॅप, आणि पिवळ्या-नारिंगी-लाल रंगाचा असा काही भपका उठतो की आपल्यालाच वाटते आपण काहीतरी शोधून काढलं. पहिल्यांदा केला तेव्हा लाल रंगाचा गाभा कुठे आला असेल? आमच्या लॅबवर! अगदी लॅबच्या शटरवर. दहा मिनिटं मी खरंच घाबरली, मागच्या नालीकडे जाऊन पाहून आली. मग डोक्यात उजेड पडला की बाई, लॅबच्या जवळ राहणारेच लॅबमध्ये येतात, लांबचे दुसऱ्या लॅबमध्ये जातात, गरीब तर टेस्टच करत नाहीत, तापाची गोळी घेऊन कामावर जातात. माझ्या रजिस्टरचा नकाशा हा आधी माझ्या गिऱ्हाइकांचा नकाशा आहे, आजाराचा नंतर. हे कुठलंही बटण दाबून कळत नाही. मग मी निगेटिव्हचे पण ठिपके टाकले, म्हणजे ताप होता, टेस्ट केली, पण डेंग्यू नाही निघाला असे, आणि एकूण टेस्टमध्ये पॉझिटिव्ह किती ते पाहिलं. त्याने आमच्या शटरवरचा लाल गाभा विरघळला आणि दीडेक किलोमीटर लांबचा, आधी नुसता पिवळट दिसणारा एक लेआउट वर आला, तिथले टेस्टला येतात कमी पण आले की निघतात जास्त. माझ्या मते पूर्ण दोन सीझनमधली ही एकच कामाची गोष्ट, आणि त्यासाठी डोकं लागलं, हीटमॅप नाही. रेडिअसचं, म्हणजे एका ठिपक्याचा रंग किती लांब पसरवायचा त्याचं, पण तसंच, २०० मीटर ठेवा तर गोवर उठल्यासारखे ठिपके, १५०० ठेवा तर अर्धं दक्षिण नागपूर पेटलेलं. डेटा तोच.

ह्या विषयात ज्याचं नाव सगळे घेतात तो लंडनचा डॉक्टर जॉन स्नो, १८५४ मध्ये सोहो भागात कॉलरा आला तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचं पाणी कारण आहे हे त्याने दाखवलं, ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला वगैरे. गोष्ट सांगणारे सांगतात की नकाशा काढला, दांडा काढला, साथ थांबली. तसं नव्हतं, साथ आधीच उतरणीला लागली होती आणि हे त्याने स्वतः मान्य केलं होतं, आणि तो प्रसिद्ध नकाशा छापून आला १८५५ मध्ये. मला त्यातला वेगळाच भाग आवडतो. हापशाच्या अगदी शेजारी बिअरचा कारखाना होता आणि तिथले कामगार मेले नाहीत, कारण ते हापशाचं पाणी प्यायचेच नाहीत, त्यांना बिअर मिळायची. जवळच गरिबांसाठी वर्कहाउस होतं, माणसांनी भरलेलं, तिथे पण मृत्यू फार कमी कारण त्यांची स्वतःची विहीर होती. म्हणजे त्याने ठिपके जिथे नाहीत तिथे जाऊन विचारलं की तुम्ही काहून आजारी नाही पडले. मी पण मग आमच्या नकाशावरच्या कोऱ्या जागा पाहायला लागली. एक कोरी जागा निघाली शेत, एक निघाली पोलिसांची क्वार्टर्स ज्यांचे पेशंट त्यांच्या दवाखान्यात जातात, आणि एक खरोखरच कोरी, भरवस्ती असून. तिथे जाऊन पाहिलं तर बहुतेक घरांना डक्टिंग (पाइपातून घरभर हवा देणारा मोठा कूलर) नाही तर एसी, खिडकीला लटकवलेले कूलर जवळजवळ नाहीत.

कूलर हा आपला नागपूरचा विषय आहे, बाहेरच्यांना समजणार नाही. उन्हाळ्यात ४५-४६ ला कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि पाऊस लागला की तोच कूलर खिडकीबाहेर सज्जावर तसाच सोडून देतो आपण, खस सडून राहिलेली, टाकीत चार बोटं पाणी, वर पावसाची भर. एडिसला घाण पाणी नको असते, असं साचलेलं साफ पाणीच पाहिजे, अंड्याचा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. आणि अंडी कोरड्या टाकीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणजे पाणी फेकून दिलं, घासलं नाही, तर पुढच्या पावसात पुन्हा हजर. आमच्या पोराच्या फॉर्ममध्ये 'कूलर बाहेर आहे का' हा कॉलम होता म्हणून हे नकाशावर टाकता तरी आलं. डेंग्यूच्या घरांच्या आसपास कूलर जास्त दिसले खरे, पण मोजणारे आम्ही दोघंच, तीही आमचीच गिऱ्हाइकं, त्यामुळे ह्याला मी पुरावा म्हणणार नाही, शंका पक्की झाली एवढंच.

एक प्रकरण झालं ते लपवत नाही. पहिला हीटमॅप तयार झाला त्या रात्री मी हौसेने आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सकाळी ७८ मेसेज. एक काका म्हणे आमच्या गल्लीला बदनाम करून राहिल्या, एकाचा प्लॉट विकायचा होता तो तर घरी आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे झूम करून एका बाईंनी सांगितलं, हा ठिपका तर अमक्यांच्या घरावर आहे, त्यांच्या सुनेला होता ना डेंग्यू. नाव टाकलं नव्हतं मी कुठेच! तरी घर सापडलं. त्या सुनेची मी जाऊन माफी मागितली. डेंग्यूचं जाऊ द्या, उद्या हेच टीबीचं किंवा एचआयव्हीचं असतं तर? तेव्हापासून लॅबच्या बाहेर जाणाऱ्या नकाशावर ठिपका नाही. क्यूजीआयएसमध्ये क्रिएट ग्रिड म्हणून टूल आहे, ५०० मीटरच्या षटकोनांची जाळी टाकायची, मग काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन, प्रत्येक खान्यात किती ते रंगाने दाखवायचं आणि ज्यात तीनपेक्षा कमी आहेत तो राखाडी ठेवायचा. लाल रंग पण काढून टाकला, जांभळ्याच्या छटा ठेवल्या, लोक भांडत नाहीत जांभळ्यावरून.

रंगावरून आठवलं, खाने रंगवताना वर्ग कसे पाडायचे ते विचारते, इक्वल इंटरव्हल, इक्वल काउंट, नॅचरल ब्रेक्स. तिन्ही करून पाहा एकदा. त्याच आकड्यांवर एकात दोनच खाने गडद, दुसऱ्यात चौथाई भाग गडद. आणि लोकसंख्येने भागायचं विसरू नका, जिथे माणसं जास्त तिथे केसेस जास्त, ह्यात काय शोध? पण भागाकारातही खड्डा आहे, वीस घरांच्या लेआउटमध्ये एक केस आली की दर आभाळाला भिडतो, शून्य आली की सगळ्यात निरोगी वस्ती. अमेरिकेत किडनीच्या कॅन्सरचा जिल्हावार नकाशा काढला तर सगळ्यात जास्त दराचे आणि सगळ्यात कमी दराचे, दोन्ही जिल्हे छोटे, विरळ वस्तीचे निघाले होते, नुसत्या लहान आकड्यांचा खेळ. आमची तर आणखी अडचण, भागायला लोकसंख्या २०११ ची, तेव्हा नागपूर शहर २४,०५,६६५ होतं, २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि बेसा रोडला तेव्हा जिथे शेत होतं तिथे आज सात मजली फ्लॅट आहेत. म्हणून मी लोकसंख्येचा नाद सोडला, आपल्या टेस्ट आणि आपले पॉझिटिव्ह, तेवढाच भागाकार.

भाचा म्हणे आता सिकलसेलचा पण कर. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, २०२३ च्या जुलैत केंद्राचं मिशन पण सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट. मी त्याला म्हटलं बाबू, हे वेगळं आहे. डेंग्यू जागेत असतो, त्या टाकीत, त्या टायरमध्ये. सिकलसेल आईबापाकडून येतो, माणूस भंडाऱ्याहून उठून नागपूरला आला तर त्याचा जीन त्याच्यासोबत आला, माझ्या गल्लीचा त्यात काय दोष? त्याचा नकाशा काढायचा तर तपासणी आणि समुपदेशन कुठे पोचलं नाही ह्यासाठी काढावा, नाहीतर कॅम्प जिथे झाला तिथेच आजार दिसेल. फायलेरियाचा, म्हणजे हत्तीपायाचा, मात्र काढण्यासारखा आहे, तो पण मच्छरचाच, पण तो मच्छर घाण पाण्यातला, क्युलेक्स, म्हणजे कूलर सोडून नाल्याचा लेयर लागेल.

दुसरं काही वापरून पाहिलं का, तर हो. गूगल माय मॅप्सवर ठिपके टाकणं सोपं आहे पण पेशंटचे पत्ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर द्यायला मन धजलं नाही, क्यूजीआयएसमध्ये सगळं आपल्या लॅपटॉपवर राहते. इस्रोची भुवन नावाची नकाशांची वेबसाइट सॅटेलाइट चित्र पाहायला छान आहे. झुंडी खरोखर आहेत की योगायोग हे तपासायला जिओडा आणि सॅटस्कॅन आहेत, दोन्ही फुकट, जिओडा भाच्याने चालवून दाखवलं, सॅटस्कॅन माझ्या डोक्यावरून गेलं. पैसे भरून वापरायची आर्कजीआयएस वगैरे मोठी नावं आहेत, लॅबच्या कमाईत तो विचारच नाही. शहरात दोन दिवसांचं एक ट्रेनिंग पण केलं, कुठे ते राहू द्या, दीड दिवस स्लाइड्स आणि शेवटच्या अर्ध्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा नकाशा रंगवायला दिला. त्यापेक्षा क्यूजीआयएसचं स्वतःचं ट्रेनिंग मॅन्युअल फुकट आहे ते वाचा.

आता तुम्ही विचाराल, उपयोग काय झाला? जांभळा नकाशा प्रिंट लेआउटमधून ए-थ्रीवर काढला, खाली स्केल, बाजूला उत्तरेचा बाण, एकदम सरकारी दिसत होता, आणि आमच्या भागात येणाऱ्या आरोग्य सेविकेला दाखवला. तिने चहा पीत पीत पाहिला आणि म्हणे, "ताई, हे तर आम्हाला नकाशाशिवाय पण माहीत होतं." माझा चेहरा पाहून मग म्हणे, "पण ह्याचे खाने चांगले आहेत, मला असाच कोरा द्या, रंगाशिवाय." तिने त्या कोऱ्या षटकोनांवर रोज पेनाने तारीख टाकली, कुठल्या खान्यात कूलर तपासले, कुठल्यात राहिले. माझा रंग तिच्या काही कामाचा नव्हता, जाळी होती.

रेटिंग द्यायचं तर क्यूजीआयएसला चार स्टार. एक कापला कारण पहिले दोन आठवडे डोकं उठवते आणि नवख्या माणसाचा हात धरत नाही, इंग्रजी शब्द पण पदोपदी, 'प्रोजेक्शन' (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) म्हणजे काय हे समजायलाच मला एक पूर्ण रविवार गेला. क्यूफील्डला पाच. जुना लॅपटॉप, चिकाटी आणि घरं ओळखणारा एक माणूस एवढं असेल तर घ्या, तिसरं नसेल तर आधी तो शोधा.

आणि हो, परवा त्या पोराच्या मोबाइलमधला डेटा लॅपटॉपवर घेतला तर फॉर्ममध्ये मी न टाकलेला एक नवीन कॉलम. भाच्याला फोन करून करून शिकला म्हणे आणि माझा लॅपटॉप उघडा दिसला तेव्हा टाकून घेतला. नाव 'कुत्रं', पर्याय तीन: नाही, बांधलेलं, मोकळं. सगळ्या घरांचा भरला आहे, कूलरवाला कॉलम अर्धा रिकामा. लाल रंग देऊन पाहिलं, मोकळ्या कुत्र्यांचा नकाशा डेंग्यूच्यापेक्षा जास्त अचूक निघाला.